डोली ठेवली, टाकली नाही

“तसा नोहोय.”

मामाजींचं कुठलंही बोलणं इथून सुरू व्हायचं. आमच्या टॉकीजच्या दारात तिकिटं फाडता फाडता समोरचा माणूस काही बोलला, की ते तिकीट अर्धवट फाटलेलं तसंच हातात धरून थांबायचे. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवायचे आणि म्हणायचे, “तसा नोहोय.” म्हणजे, तसं नाही ते. मग ते कसं आहे हे सांगून झाल्याशिवाय उरलेलं तिकीट फाटत नसे. मागे रांग खोळंबलेली असो, आत खेळ सुरू झालेला असो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. अशा माणसाचा वैताग येतो. पण तो चार दिवस नसला की आपण काय वाट्टेल ते बोलत सुटतो आणि आपल्याला थांबवायला कुणी नसतं.

मी त्या टॉकीजचा ऑपरेटर होतो. नागपूरला मशीन चालवायला शिकलो आणि गोंदियाला नोकरीवर आलो. पत्र्याचं छप्पर, पुढे जमिनीवर बसणारे, त्यांच्यामागे बाकं, सगळ्यात मागे खुर्च्या आणि एका अंगाला बायकांसाठी पडदा. माझी मशीनची खोली वर होती. तिच्या चौकोनी भोकातून मला पडदा दिसायचा आणि तिरपं पाहिलं तर दारातले मामाजी दिसायचे. उंच, वाळकुडे, मिशा पांढऱ्या, अंगात एक खाकी कोट. तो कोट कधीकाळी सरकारी असावा. सगळं गाव त्यांना मामाजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला ‘बाबू’ म्हणत.

मामाजी ढिवर, म्हणजे मासे धरणाऱ्या भोयांपैकी. त्यांचं गाव तिरोड्याच्या वाटेवर तीन-चार कोसांवर होतं. मूलबाळ नव्हतं. मामी तलावातली मासळी घेऊन बाजाराच्या दिवशी गोंदियाला यायची, टॉकीजच्या पायरीशी टोपली टेकवून नवऱ्याशी दोन शब्द बोलायची आणि पुढे जायची. ती बोलायची तेव्हा मात्र मामाजी “तसा नोहोय” म्हणत नसत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “ते खोटा बोलतच नाही, त म्या काय म्हनू?”

एकदा आमच्याकडे एक सामाजिक चित्रपट लागला होता. त्यात नायिका धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गाणं म्हणत रोवणी करते. गाणं फार गाजलं होतं. पहिल्याच खेळाला, गाणं ऐन रंगात आलेलं असताना, दारातून आवाज आला, “तसा नोहोय. रोवना करनारीचा लुगडा असा कोरडा रायते काय? अन् परे उलटे धरले हायेत पोरीनं.”

परे म्हणजे धानाची रोपं. आधी पडद्यामागच्या बायका हसल्या. चार महिने कंबर वाकवून चिखलात उभ्या राहिलेल्या बायका त्या, त्यांना ते लगेच पटलं. मग सगळी टॉकीज हसली.

मध्यंतरात आमच्या मालक सेठने त्यांना बोलावलं. “मामाजी, लोग गाना सुनने आये हैं, तुमको सुनने नहीं.”

“आयकू द्या ना गाना,” मामाजी शांतपणे म्हणाले. “म्या गान्याले काय म्हटलो? म्या पऱ्ह्याले म्हटलो.”

पण त्यांचा एक नियम होता आणि तो ते कधी मोडत नसत. पौराणिक चित्रपट लागला, बाणातून आग निघाली, डोंगर उडाला, तरी ते गप्प असत. एका भाविकाने मुद्दाम डिवचलं, “काय गा मामाजी, हे कसा आहे मग?” मामाजी म्हणाले, “मले मालूम नाही. म्या तिथं नोहोतो. म्या होतो तिथलाच बोलतो.”

आणि ते कुठे होते? ते बसऱ्याला होते.

पहिल्या महायुद्धात आपले हजारो लोक मेसोपोटेमियात गेले, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. मामाजी त्या साऱ्या मुलखाला बसरा म्हणत. त्याबद्दल ते आपणहून बोलत नसत. एका उन्हाळ्यात त्यांनी उकाड्याने कोट काढला, तेव्हा त्यांच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा मला दिसला. मी विचारलं, “हे काय?”

“डोली,” ते म्हणाले. लढाईत जखमी झालेल्यांना उचलून आणणाऱ्या डोलीवाल्यांच्या कंपनीत ते होते. “माझा बाप लग्नाचे मेने वाहे. मालगुजाराच्या घरच्या नवऱ्या. म्या फाटलेले लोकं वाहले. काम तोच हाय, बाबू. खाली टेकवायचा, आदळायचा नाही.” आणि त्यांनी कोट पुन्हा घातला.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि दोनेक वर्षांत आमच्याकडे तो चित्रपट आला.

त्याचं नाव मी सांगत नाही. तुमच्यापैकी जुन्या लोकांनी तो पाहिला असेल आणि ज्यांनी पाहिला त्यांना त्यातली घोडदळाची दौड आठवत असेल. पहिल्या लढाईतल्या त्याच मुलखाची गोष्ट होती. मला तो आवडला होता, उगाच नाही म्हणत नाही. पहिल्या दिवशी ती दौड सुरू झाली तेव्हा मी भोकाला डोळा लावून असा खिळलो की रीळ बदलायला उशीर झाला आणि पब्लिकने शिट्ट्या मारल्या. वाळूचे उंच डोंगर, नदीत उभं असलेलं पांढरंशुभ्र इस्पितळाचं जहाज, आणि शेवटी सुभेदार आईला, मातीला आणि बादशहाला उद्देशून लांबलचक भाषण करून मरतो. बायका रडायच्या.

मध्ये एक विनोदाचा भाग होता. दोन डोलीवाले, एक लठ्ठ, एक बारका. जखमी शिपायाला डोलीतून नेत असतात. लांब कुठे गोळी वाजते. बारका डोली फेकून देतो आणि गाडीखाली शिरतो. लठ्ठ त्याच्यावर पडतो. शेवटी जखमी शिपाईच उठतो, हातात काठी घेतो आणि दोघांच्या मागे लागतो. टॉकीज डोक्यावर घेतली जायची. मीही हसलो होतो.

त्या पहिल्या खेळाला मी मामाजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता मान हलेल. मान हलली नाही. ते दारातून बाहेर निघून गेले.

खेळ सुटल्यावर ते पाण्याच्या माठापाशी पायरीवर बसलेले दिसले. मी विचारलं, “काय झालं, मामाजी?”

“रेती नोहोती, बाबू,” ते म्हणाले. “चिखल होता. आपल्या रोवन्याच्या बांधीवानी चिखल. मांडीवरी. अन् जहाज कुठचा? लोखंडाचे पडाव होते, मोठ्या डोंग्यावानी, वरून उघडे. त्याच्यावर मानसं टाकलेले, एकावर एक. वास असा का नदीवरून कोसभर यावा. अन् गाड्या होत्या खेचराच्या, त्याईले स्पिरिंग नोहोती. मोडलेली मांडी घेऊन त्याच्यात बसून पाहावा मानसानं.”

वाळू, जहाज, गाड्या, सगळ्याबद्दल बोलले. डोलीवाल्यांबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. ते माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

दुसऱ्या दिवशी विनोदाचा भाग सुरू झाला आणि दारातून आवाज आला, “तसा नोहोय.” लोक ओरडले, “बैठ जाव, बैठ जाव.” कुणीतरी पुढून म्हणालं, “मामाजी, तुमीबी गाडीखाली घुसले होते काय गा?” आणि मोठा हशा पिकला. तिसऱ्या दिवशी मामाजी दार सोडून थेट पडद्यापुढे जाऊन उभे राहिले. पळणारे डोलीवाले त्यांच्या कोटावरून पळाले. लोकांनी चिवड्याच्या पुड्या फेकून मारल्या. भाग संपला तसे ते सावकाश दारात परत आले आणि उशिरा आलेल्या एकाचं तिकीट फाडू लागले.

सेठ वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना ऑफिसात बसवलं, चहा दिला. मी तिथेच होतो.

“मामाजी, तुमको क्या पड़ी है? कहानी है. उसमें तुम्हारा नाम लिया किसी ने?”

“माझा नाव नाही, सेठ. माझा काम हाय.”

“लोग हँसते हैं, खुश होते हैं. उसमें क्या बिगड़ा?”

मामाजींनी चहाचा कप खाली ठेवला. “तुमी मेलेल्या मानसाच्या घरी जाऊन हासान काय?”

सेठला काही उमगलं नाही. मलाही नाही. शेवटी तो कंटाळून म्हणाला, “नौकरी करनी है कि नहीं?”

“नोकरी तुमची हाय,” मामाजी म्हणाले. “तोंड माझा हाय.”

त्या दिवसापासून सेठने त्यांना आतल्या दारावरून काढून बाहेरच्या फाटकावर ठेवलं. खेळ चालू असताना आत यायचं नाही, अशी ताकीद दिली. मामाजींनी ती पाळली. पण खेळ सुटला की फाटकाशी टांग्यांच्या अड्ड्यावर माणसं त्यांच्याभोवती थांबू लागली. आधी चेष्टा करायला, मग ऐकायला. चिखलाचं ते सगळ्यांना सांगत, पडावाचं सांगत. विचारलं की उत्तर देत, आणि जे माहीत नाही त्याला “मालूम नाही” म्हणत. चौथ्या-पाचव्या दिवशी मी पाहिलं, काही माणसं चित्रपट दुसऱ्यांदा पाहून मुद्दाम फाटकाशी येत होती.

मग फौजेच्या भरतीसाठी त्याच चित्रपटाचा सरकारी खेळ ठरला. रविवारी दुपारी, तिकीट नाही. आसपासच्या गावांचे मालगुजार, म्हणजे तिथले जमीनदार, आपापल्या गावची जवान पोरं बैलगाड्या भरून पाठवणार होते. सडक अर्जुनीकडून, तिरोड्याकडून माणसं येणार होती. भरतीचा गोरा साहेब येणार, तहसीलदार येणार, आणि खेळ संपला की फाटकाशी टेबल मांडून नावं लिहून घेणार. सेठने मामाजींना आदल्या दिवशीच सांगितलं, “कल छुट्टी. घर जाओ.”

मामाजी गेले आणि रविवारी सकाळी परत आले. धोतर धुतलेलं होतं. त्या उन्हात कोटाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली होती. फाटकावर त्यांना कुणी अडवलं नाही, कारण फाटकावर अडवणारे तेच होते.

मी वरून पाहत होतो. टॉकीज गच्च भरली होती. दौड झाली, टाळ्या पडल्या. विनोदाचा भाग सुरू झाला, गोळी वाजली, बारक्याने डोली फेकली, आणि मधल्या वाटेवरून मामाजी चालत गेले. पळत नव्हते. मिरवणुकीत चालावं तसे चालले आणि पडद्यापुढे लोकांकडे तोंड करून उभे राहिले. गावाकडच्या पोरांना वाटलं, हाही खेळातलाच भाग आहे. ती आणखी जोराने हसू लागली. मामाजींचे ओठ हलताना दिसत होते, पण गाणं, गोळ्या आणि हसणं यांत शब्द ऐकू येत नव्हता. खालून सेठ माझ्याकडे पाहून ओरडत होता, “चालू रखो, चालू रखो.”

मी मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या दोन कांड्या, ज्यांच्यामध्ये उजेड पेटतो, एकमेकांपासून दूर ओढल्या.

मी असं का केलं, हे आजही मला नीट सांगता येत नाही. मी काही शूर माणूस नाही. त्या म्हाताऱ्याच्या छातीवर तो बारका डोलीवाला नाचत होता, ते मला पाहवलं नाही, इतकंच. पडदा काळा झाला. मी मशीनही थांबवलं. आवाज बंद पडला. कुणीतरी दारं उघडली आणि दुपारचा उजेड आत आला.

तहसीलदार उठून उभे राहिले. “कौन है ये? निकालो इसको.” पण गोऱ्या साहेबाने हात वर केला. त्याने मामाजींच्या कोटाकडे पाहिलं असावं. त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, “तुम कौन है?”

मामाजींनी टाचा जुळवल्या. माझ्या ओळखीचा, पायरीवर बसून चिलीम ओढणारा माणूस कुठच्या कुठे गेला. त्यांनी आपला पलटणीतला नंबर सांगितला, कंपनी सांगितली, आणि म्हणाले, “डोलीवाला, साहेब.”

मग ते बोलले. आवाज चढवला नाही. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं, कारण कुणी हलत नव्हतं.

“साहेब, ह्या सिनेमात डोलीवाला डोली टाकून पळते. तसा नोहोय. डोलीवाल्याजवळ बंदूक नसते. दोन्ही हात दांड्याले. गोळी आली त त्याले तोंडबी झाकता येत नाही. माझ्यासंगं मंगरू होता. सालेकश्याच्या जंगलातला गोंड. चौघांची डोली, पन चौघं उरले नोहोते. तो पुढं, मी मागं. डोलीत पंजाबी शिपाई होता, पोटात लागलेला. चिखल मांडीवरी. मंगरूले गोळी लागली. मले समजलाच नाही, काऊन का दांडा खाली गेलाच नाही. त्यानं आधी एक गुडघा टेकला. मंग दुसरा. मंग खांद्यावरचा दांडा दोन्ही हातात घेतला अन् डोली खाली ठेवली. ठेवली, साहेब. टाकली नाही. मंग तो तोंडावर पडला. डोलीतला पंजाबी मले पुसते, ‘रुक क्यों गये?’ त्याले धक्काबी लागला नाही.”

त्यांनी जमिनीवर बसलेल्या पोरांकडे पाहिलं.

“अन् मरताना मंगरूनं भाशन नाही देला. पानी मांगला. माझ्याजवळ नोहोता.”

टॉकीजमध्ये पंख्याची घरघर ऐकू येत होती. साहेब खुर्चीत पुढे झुकला. “टो तुम बोलटा है, जवान लोग भरती नहीं होना?”

“ते म्या नाही बोलत, साहेब,” मामाजी म्हणाले. “ज्याले जाचा हाय त्यानं जावा. म्याबी गेलतो. पन खरा आयकून जावा.”

साहेब खुर्चीत मागे टेकला. तहसीलदारांनी मात्र हवालदाराला खूण केली. मामाजींना बाजूच्या दाराने नेलं. जमिनीवर बसलेल्या पोरांमधून वाट काढावी लागली, तेव्हा ती पोरं पाय आखडून घेत होती, थोरामोठ्याला वाट द्यावी तशी. त्या दिवशी टेबलाशी काहींनी नावं लिहिली, काही परत गाड्यांत जाऊन बसले. कुणी का लिहिलं आणि कुणी का नाही, हे मला माहीत नाही. मामाजींच्या नियमाप्रमाणे, मी तिथलं बोलू नये.

मला मशीनबद्दल विचारणा झाली. मी म्हणालो, “फिल्म तुटली.” सगळ्यांनी मान्य केलं, जुन्या फिल्म तुटतातच. मी घरी येऊन जेवलो आणि ते जेवण मला कडू लागलं.

दुसऱ्या दिवशी मामी आणि मी कोठडीत भात आणि मासळीचं कालवण घेऊन गेलो. मामाजी गजांपलीकडे मांडी घालून जेवले. हात धुतल्यावर म्हणाले, “बाबू, फिलम तुटली नोहोती.”

मी रिकामं ताट फडक्यात बांधू लागलो.

“फिलम तुटली का पडदा पांढरा पडते. बारा साल पाहून रायलो. काल अंधार झाला होता.” त्यांनी मिशीला बोट लावलं. “तुमी केला.”

“कुणाला सांगाल?”

“कोनी पुसला त सांगन,” ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून हळूच म्हणाले, “पन पुसनार कोन हाय? इथं कोनाले काय पुसाचा हाय?”

माझं नशीब, कुणी विचारलं नाही. भरतीत अडथळा आणला म्हणून त्यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि भंडाऱ्याला नेलं. माफी लिहून दिली तर सोडतो, असं मॅजिस्ट्रेट म्हणाले होते. मामाजींनी विचारलं, “माफी कायची? तो दांडा मंगरूनं ठेवला का टाकला, ते सांगा मंग पाहू.” मॅजिस्ट्रेटनी पुढचा खटला पुकारला.

चित्रपट आमच्याकडे आणखी एक आठवडा चालला. मामाजींना भंडाऱ्याला नेल्यावर दुसऱ्याच सकाळी मी ते रीळ काढलं, डोलीवाल्यांचा सगळा भाग कात्रीने कापला आणि दोन टोकं जोडून टाकली. सेठच्या ते लक्षात आलं असेल तर तो बोलला नाही. तुम्हाला आजही एक गंमत पाहायला मिळेल. त्या चित्रपटाची आठवण नागपूरला निघाली की लोक आधी त्या लठ्ठ-बारक्याचं बोलतात आणि हसतात. गोंदियात त्या आठवड्यात पाहिलेला माणूस म्हणेल, असं काही त्यात नव्हतंच. आणि एका बिडी कारखान्याच्या मुनीमजींनी तर मला छातीठोकपणे सांगितलं, की त्यात एक गोंड डोलीवाला गोळी लागल्यावर गुडघे टेकून डोली खाली ठेवतो, तो भाग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिला आहे. मी त्यांना काय सांगणार?

मामाजी सुटून आले तेव्हा मी स्टेशनवर गेलो होतो. फार वाळले होते, पण मान ताठ होती. मी त्यांना अभिमानाने सांगितलं, “मामाजी, मी तो भाग कापून टाकला.”

मला वाटलं होतं, ते माझ्या पाठीवर हात ठेवतील. ते फलाटावर थांबले.

“कायले कापला?”

“खोटा होता म्हणून.”

“कापला त खोटा गेला,” ते म्हणाले. “पन खरा कुठी आला? मंगरू कुठी आला, बाबू?”

मी त्यांचं गाठोडं हातात घेतलं. तेच पुढे म्हणाले, “तुमाले लिवता येते. ज्यायनं सिनेमा केला त्याईले लिवा. त्याईनं केला, त्याईनंच दुरुस्त करावा.”

सेठचा निरोप होता, माफी मागा, दारावर परत या. मामाजींनी निरोपाला उत्तरच दिलं नाही. ते मामीबरोबर तलावावर जाळं टाकू लागले. पण त्याच दिवशी टॉकीजच्या पायरीवर बसून आम्ही त्या मुंबईच्या कंपनीला पत्र लिहिलं. ते सांगत, मी लिही. चिखल कुठे होता, पडाव कसे होते, गाडीला काय नव्हतं, हे सगळं आधी, आणि मंगरू शेवटी. मी एके ठिकाणी ‘वीर मंगरू’ असं लिहिलं. वाचून दाखवलं तर म्हणाले, “वीर नोका लिवू. डोलीवाला लिवा.” मराठी अक्षर त्यांना येत नव्हतं, पण पलटणीत शिकलेले आकडे येत होते. सहीच्या जागी त्यांनी आपला नंबर काढला, एकेक आकडा जपून.

उत्तर आलं नाही. दर बाजाराच्या दिवशी मामी टोपली टेकवायची आणि मामाजी वर माझ्या खोलीच्या जिन्यापाशी यायचे. “कागद आला काय, बाबू?” नाही म्हटलं की, “त्याईले वाचाले टाइम लागत असन.” दोन महिन्यांनी आम्ही दुसरं पत्र लिहिलं. मग तिसरं. मग मी मोजणं सोडलं. एकदा मी वैतागून म्हणालो, “मामाजी, ते लोक वाचतसुद्धा नसतील.”

“नसन वाचत,” ते म्हणाले. “म्हनून का म्या लिवनं सोडू? त्याईनं काऊन खोटा दाखवला त्याचा जबाब त्याईच्यावर. म्या काऊन गप्प रायलो त्याचा जबाब माझ्यावर नोको.”

लढाई संपली. गावातून गेलेल्या पोरांपैकी काही परत आली. एक जण बाजारात मामाजींना भेटला, पायाला हात लावला आणि म्हणाला, “मामाजी, चिखलाचा तुमी बरोबर सांगलते.” मामाजींनी त्याला फक्त एवढंच विचारलं, की पाणी मिळत होतं का.

स्वातंत्र्य येणार येणार असं सगळे बोलत होते, त्या हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी मामी आली नाही आणि मामाजीही आले नाहीत. पुढच्या बाजारीही आले नाहीत. मी सायकल काढली आणि तिरोड्याच्या वाटेने त्यांच्या गावी गेलो. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. घर विचारत तलावाच्या पाळीपर्यंत पोचलो.

मामी अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. तिचं कपाळ पाहून मला कळलं. ती उठली नाही. तिने बाजूला सरकून मला बसायला जागा दिली. तीन दिवस ताप होता, ती म्हणाली. चौथ्या दिवशी सकाळी गेले. शेवटपर्यंत शुद्धीत होते. पाणी मागितलं, तिने दिलं.

मी तलावाकडे पाहत होतो. मामीचे हात चालूच होते.

मग तिने विचारलं, “कागद आला काय?”

“नाही, मामी.”

तिने जाळ्याची गाठ ओढली आणि दोरा दातांनी तोडला. “मंग आनखी एक लिवा. आता माझ्या नावानं लिवा.”

माझ्या खिशात पेन होतं आणि पिशवीत वहीही होती. मी वही मांडीवर घेतली. ती सांगू लागली. डोली, चिखल, मंगरू, गुडघे, सगळं तिला पाठ होतं, एकही शब्द चुकला नाही. मी झपझप लिहीत होतो. पान संपत आलं तेव्हा तिने हात आडवा करून मला थांबवलं.

“अन् हे बी लिवा,” ती म्हणाली, “का म्या सिनेमा पाह्यला नाही. खोटा नोको लिवू.”